मुंगसाची दुसरी बाजू

बेल दोनदा वाजवूनही दार उघडलं नाही, तेव्हा मोजणीदाराने बंद खिडकीच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. तेवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावरून आई येताना दिसली. हातात झाकण लावलेलं दुधाचं भांडं, पायांत घरातल्या सपाता.

"तू? आज? फोन तरी करायचास."

"फोन केला असता तर तू तयारीत राहिली असतीस."

आईने किल्ली फिरवून दार उघडलं.

गेल्या वर्षी ती मागच्या पायऱ्यांवरून परसात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणात गेले. मोजणीदाराने तेव्हाच तिला आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. पण माझी खार, माझे बुलबुल, माझं मुंगूस असा तिने घोशा लावला, आणि शेवटी तह झाला. मागच्या पायऱ्यांवर पाऊल टाकायचं नाही. जनावरं बघायची ती घरात बसून, फोटो काढायचे ते खिडकीच्या काचेआडून. आणि रोज सकाळी साडेसातला एक फोटो त्याला पाठवायचा, म्हणजे ती धडधाकट आहे हे कळेल. अट मोडली की बोचकं बांधायचं.

काचेत स्वतःचंच तोंड उमटतं अशी तिची तक्रार आली, तेव्हा त्याने जुन्या छत्रीचं काळं कापड कापून, मधोमध कॅमेऱ्यापुरतं भोक पाडून, कडेने लाल दोऱ्याची टीप घालून दिली होती. टीप वाकडीतिकडी आली. जमिनीच्या हद्दी सरळ आखणाऱ्या माणसाची ही टीप, म्हणून आई आठवडाभर हसत होती.

फोटो एक दिवस चुकला नाही. परवा मात्र कचेरीत नकाशावर मान मोडून बसलेला असताना त्याने सहज फोन उघडला आणि त्याचे डोळे तिथेच अडकले. मुंगूस वाडग्यातलं पाणी पीत होतं, शेजारी परसातला नळ. आईच्या खिडकीतून वाडगं नळाच्या डावीकडे दिसतं. फोटोत ते उजवीकडे होतं. त्याने मागचे फोटो चाळले. गेले आठ महिने ते उजवीकडेच होतं.

स्वयंपाकघरात आईने नळ सोडला. तो दोन-चारदा खोकला, मग पाणी आलं. चहा मात्र लगेच झाला, दूध तापायची वाट बघावी लागली नाही.

"खिडकीचं कापड कुठे गेलं?" त्याने विचारलं.

"काढलंय."

त्याने फोन तिच्यापुढे ठेवला. "हा फोटो या खिडकीतून निघूच शकत नाही. पलीकडच्या बाजूने काढलाय."

"मुंगूस फिरतं की इकडून तिकडे."

"नळ फिरत नाही."

आईला हसू आलं, पण तिने ते कपात बुडवलं.

"तू परसात उतरतेस," तो म्हणाला.

"तुझी शपथ. त्या पायरीवर पाऊल टाकलेलं नाही."

तिच्या खोटं बोलण्याचा त्याला राग आलाच, पण रागापेक्षा भीती मोठी होती. आई पायऱ्यांखाली पडलेली आहे आणि तिची हाक कोणाला ऐकू जात नाही, हे चित्र वर्षभर त्याच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं.

"उद्या काही झालं तर धावून कोण येणार? ते घड्याळजी?"

परसाला पाठ लावून घड्याळजींचं घर होतं. घड्याळं दुरुस्त करणारे, विधुर, तोंडाने फटकळ. कुंपण चौदा इंच कोणाच्या हद्दीत यावरून त्यांचं आणि आईचं असं वाजलं होतं की विचारू नका. शेवटी मोजणी खुद्द मोजणीदाराने केली आणि निकाल आईच्या बाजूने लागला. या पोराची मोजणीची फीत आईकडे ताणली जाते, असं घड्याळजी गल्लीभर सांगत सुटले. तेव्हापासून दोघांत छत्तीसचा आकडा.

"त्यांचं राहू दे," आई म्हणाली. "मला तुला एक सांगायचं होतं."

"गाडीत सांग. बॅग भर, दुपारी निघू."

तिचे डोळे भरून आले. त्यालाही वाईट वाटलं, पण या वेळी तो बधणार नव्हता.

"भरायचंय काय?" ती म्हणाली. "इथे माझं आता फारसं काही नाही."

रुसली, असं त्याला वाटलं. त्याने कपाट उघडलं तर ते निम्म्याहून रिकामं. मागेल त्याला देऊन टाकायची तिची सवय जुनीच होती.

निघण्यापूर्वी एकदा खात्री करावी म्हणून तो मागच्या पायऱ्या उतरला. पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. त्यावर पावलांची एकही खूण नव्हती. तो थोडा गोंधळला. मग फोटो समोर धरून, नळ आणि वाडगं जुळवत, एकेक पाऊल मागे सरकू लागला. अंतर वाढत गेलं, फोटो जुळत आला, आणि त्याची पाठ कुंपणाला टेकली. तरी जुळणी पुरी होईना. फोटोत वाडग्याच्या आत तळावर रंगवलेली फुली दिसत होती, इथून नुसती कड दिसत होती. म्हणजे कॅमेरा अजून मागे होता, आणि बराच वर.

त्याने वळून पाहिलं. कुंपणापलीकडे घड्याळजींच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. काचेच्या आत काळं कापड ताणून लावलं होतं. मधोमध भोक, कडेने लाल दोऱ्याची वाकडीतिकडी टीप.

कापड बाजूला झालं आणि खिडकी उघडली. घड्याळजींनी कपाळावर सरकवलेलं भिंग सावरलं.

"हिला विचार बरं, दूध पुरलं का," ते म्हणाले. "अजून आहे तापवलेलं."