पाळण्याच्या खाचेत

"थांब, मावशी," प्रमिला म्हणाली आणि भिकुबाईंच्या हातातलं तपेलं पाळण्यावर तसंच थबकलं.

माळ्यावरून उतरवलेला पाळणा अंगणात उन्हाला आडवा पडला होता. ढेकूण राहू नयेत म्हणून त्याच्या सांध्यासांध्यांत उकळतं पाणी सोडायचं, ही या घराची रीत. प्रमिलाचे दिवस भरत आले होते. ती कशीबशी पाटावर टेकली आणि बी.एस्सी.च्या वेळचं भिंग तिने एका खाचेवर धरलं.

खाचेत मुगाएवढी पांढरी रेशमी पुरचुंडी होती. तिला भोक पडलं होतं आणि त्यातून पिल्लं बाहेर येत होती. खसखशीसारखी बारीक, जवळजवळ पारदर्शक. प्रत्येकाच्या पुढे दोन चिमुकले चिमटे.

शेजारच्या ताईबाईंनी वाकून भिंगातून पाहिलं. "इचू शेतस. टाक पानी, भिकू."

"खोटा इचू शे," विंचवाचं नाव ऐकून प्रमिला म्हणाली. "शेपूट नहीं, डंख नहीं. लाकडातले बारीक किडे खातस, बस."

"खोटा ते खोटा, जात ते इचूनीच ना. त्यास्ना पिलं मायले खाईसनच..." ताईबाई एकदम थांबल्या.

प्रमिला जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली, हे गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं? भिकुबाईंनीच तिला वाढवलं. आईला खाल्लं, हे बोलणं त्यांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नव्हतं. तरी ते प्रमिलाच्या कानापर्यंत पोचलेलं होतं.

तिने भिंग हलवलं नाही. खोट्या विंचवाची आई रेशमाच्या खोलीत स्वतःला कोंडून घेते, पोटाला चिकटलेल्या अंड्यांना आपल्याच अंगातला रस देते आणि चिपाडासारखी होते, एवढं तिने वाचलं होतं. पुढे त्या आईचं काय होतं, ते पाहिलं नव्हतं. तिचा दुसरा हात आपोआप पोटावर गेला.

पिल्लं लाकडाच्या रेषांमध्ये पाझरून दिसेनाशी झाली. पुरचुंडीतून ऊन आरपार जाऊ लागलं.

"आन माय?" भिकुबाईंनी हळूच विचारलं.

प्रमिलाने झाडूची काडी भोकाशी अलगद टेकवली. काही हललं नाही. ती तशीच वाकून राहिली. मग आतून एक तपकिरी चिमटा आला. मग दुसरा. मागोमाग पिल्लांची आई आली, पोट सपाट झालेली, सावकाश. काडीला अडली, झटकन उलट्या पावली सरकली, पुन्हा पुढे आली.

पाळण्याच्या कडेवर एक माशी पाय चोळत बसली होती. विंचवाच्या आईने त्या माशीचा मागचा पाय आपल्या चिमट्यात धरला. माशी उडाली, ओझं कळल्यासारखी जरा तिरकी, आणि भिंतीवरून, निंबाच्या शेंड्याकडे, उन्हात विरून गेली.

"पिलास्ले टाकीसन गई," ताईबाई पुटपुटल्या.

"जाऊ दे," भिकुबाई म्हणाल्या. "जित्ती गई ना."

त्यांनी तपेल्यात बोट बुडवून पाहिलं. मग ते पाणी न्हाणीतल्या बादलीत ओतून आल्या आणि प्रमिलाला हात देऊन उठवलं.

"चाल, न्हाई ले."

पाणी अंगावर घेण्याइतकं कोमट झालं होतं.