खर्जाची पेटी

पारोळ्याच्या बाजारपेठेतल्या अरुंद गल्लीत दोन वराती समोरासमोर ठाकल्या, आणि मागे कोण सरकणार यावर कुणी चकार शब्द काढला नाही. काढायचा कशाला? सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याचा बँड आधी बंद पडेल त्याची गाडी मागे. त्याचा नवरदेव मागे, वऱ्हाड मागे, आणि गोरज मुहूर्त हुकला तर हुकला.

तोताराममामाच्या बँडगाडीवर कुंदा बास गिटार घेऊन उभी होती. गाडीवर चढायची तिची ही पहिलीच वेळ, आणि मामाने निघतानाच दम भरला होता, "आवाज दबला ना पोरी, तर तू घरी आन गिटार भंगारमधी."

मामाशी तिचं भांडण मशीनवरून, म्हणजे ॲम्प्लिफायरवरून झालं होतं. गाणाऱ्याचा माईक, बेंजो, सगळं एकाच मशीनला जोडायचं आणि तिथून वरच्या भोंग्यांत सोडायचं, ही मामाची रीत. गिटारही तिथेच खुपस म्हणाला. कुंदा अडून बसली. भोंग्याला खर्ज झेपतच नाही मामा, तो नुसता फाटतो! शेवटी तिने जुनं एक मशीन मिळवलं, भला थोरला स्पीकर जाड फळ्यांच्या पेटीत बसवला, वेगळी बॅटरी लावली, ट्रेबलचं बटण पार खाली आणि बासचं वर करून ठेवलं. "पेटी कसली, कोंबड्यास्नं खुराडं शे हाई," मामा म्हणाला. पेटीवर गादी टाकली तेव्हा मात्र तिचा उपयोग सगळ्यांना पटला. नवरदेवाची आत्या झुंबरबाई चालून चालून थकली, ती सरळ वर चढली आणि गादीवर बसली.

पहिला दगड कुणी मारला देव जाणे. समोरचा बँड रुपचंदचा. त्याची पोरं दणादण खाली उतरली, इकडचे वऱ्हाडी तिकडे घुसले, आणि बघता बघता गल्लीत फेट्यांचा नि डोक्यांचा नुसता काला झाला. एकाने छत्री दुसऱ्याच्या पोटात खुपसली. कुणाचा तरी दात कुणाच्या तरी चपलेखाली करकरला. मामा मध्ये पडायला गेला आणि त्याच्या कपाळावर लाकूड बसलं, असं बसलं की त्याचा पांढरा सदरा गळ्यापासून खाली लाल होत गेला.

कुंदा वाजवत राहिली.

मग रुपचंदचे दोघे गाडीच्या टपावर चढले. विळ्याने त्यांनी भोंग्यांच्या वायरी कापल्या, एकामागून एक, ऊस तोडावा तशा. गाणं तुटलं. बेंजो तुटला. रुपचंदने हात वर केले आणि बोंब ठोकली, "बंद पडना! मांगे ली जा तुनी गाडी!"

आणि त्या शांततेत, धुम्. धुम्. धुम्.

मारणारे थबकले. मार खाणारेही. "हाऊ आवाज कोठून ई ऱ्हायना?" रुपचंदने वर पाहिलं, भोंगे माना टाकून लोंबत होते. एक जण गाडीखाली वाकला. एकाने तर चाकाला कान लावला! अखेर रुपचंदचा हात गादीवर पडला आणि खालच्या पेटीच्या धडधडीने हादरला.

"अक्का, ऊठ."

"मना गुडघा दुखी ऱ्हायना," झुंबरबाई म्हणाली.

"अक्का, ऊठ सांगस ना!"

"तुनी मायले असाच उठाडस का रे, मेल्या?" तिने पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर ठेवून दिली.

गल्ली हसली. रक्ताळलेल्या ओठांनी हसली. रुपचंदला काही करता येईना. नवरदेवाच्या आत्याला हात लावणाऱ्या बँडला या तालुक्यात पुन्हा कुणी हळदीलासुद्धा बोलावलं नसतं. वरून कुणीतरी माडीतून ओरडलं, "रुपचंद, तुनी पोरं मारामारीमा, तुनाच बँड बंद शे रे!"

तसा तो वळला, आणि हातातला सोटा त्याने कुंदाच्या गिटारच्या दांडीवर घातला. दांडीवर तिची बोटं होती.

आधी दुखलंच नाही. आधी आला तो राग, कानात शिट्टी वाजावी असा. डाव्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. खुंटी वाकली होती आणि जाड तार सैल पडली होती. रुपचंदने सोटा पुन्हा उचलला. कुंदाने गाडीवरूनच त्याच्या छातीत लाथ घातली, सगळा पाय लावून. तो गटारात उताणा गेला आणि तिला इतकं बरं वाटलं, इतकं, की तिने उजव्या अंगठ्याने ती सैल तार तशीच छेडली.

न दाबता वाजवायच्या सुट्या तारेला डावा हात लागतोच कशाला?

आवाज आता आणखी खाली गेला होता. म्हैस पोटातून हंबरावी तसा. बांगडीवाल्याच्या दुकानात काचा किणकिणल्या.

मामा चाकाला धरून कसाबसा वर चढला. अर्धं तोंड रक्ताने माखलेलं, एक डोळा मिटलेला. "कुंदे, थांब माय. तुना हात दख."

तिने हाताकडे बघितलं नाही. "मामा, आवाज मोठा कर."

 मामा गुडघ्यांवर तिच्या मशीनपर्यंत सरकला. ओला अंगठा बटणावरून निसटला. त्याने तो सदऱ्याला पुसला, पुन्हा धरला, आणि बटण शेवटपर्यंत पिळलं.

समोरच्या नवरदेवाच्या घोडीने कान पाडले. नवरदेव लगाम ओढत होता, शिव्या देत होता, तरी ती मागे मागे सरकायला लागली, आणि तिच्यामागे अख्खी वरात.