सावलीला न दिलेली पुडी

पहिल्या नातीचं बारसं झालं, त्याच वर्षी शालनच्या यकृतात कॅन्सरची गाठ निघाली. दवाखान्याने तिच्या रक्तामांसाची सगळी मापं घेऊन यंत्रात दुसरी शालन उभी केली. तिला सगळे सावली म्हणत. औषध आधी सावलीला द्यायचं आणि महिनाभर ती तगली तरच माणसाला, असा नियम होता.

महिना सरला आणि डॉक्टरीणबाई हसत आल्या. "मावशी, तुमची सावली ठणठणीत आहे. उद्या औषध सुरू करू. मापं घेतल्यापासून बाहेरचं काही घेतलं नाही ना?"

शालनने नवऱ्याकडे पाहिलं. वाट बघवेना म्हणून हिंदुरावाने गावच्या वैद्याकडून भस्माच्या पुड्या आणल्या होत्या. रोज सकाळी तोच तिला मधातून चाटवत होता.

"छे हो! घरचा आमटी-भात, बस्स," हिंदुराव म्हणाला.

बाई गेल्यावर शालन म्हणाली, "अवं, खरं सांगा की. त्या पुडीनं काय इपरीत झालं तर?"

"गप गं. सांगितलं की परत नवी सावली, परत महिना. तेवढा दम हाय का तुझ्यात?"

"माझ्यात हाय. तुमच्यात न्हाई."

औषधाच्या सातव्या दिवशी शालनचे डोळे पिवळेजर्द झाले, तेव्हा हिंदुरावाने रडत रडत सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा पडदा त्याच्याकडे वळवला. सावलीची गाठ निम्मी विरघळली होती.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी शालन वारली.