ज्यानं जोडलं त्यालाच विचारा

नियमवाले साहेब, माझा प्रश्न तुम्ही चार मिनिटांत बंद केलात. सुटे भाग जोडून बनवलेल्या कॉम्प्युटरवर ॲपलची मॅकओएस प्रणाली चालवणाऱ्यांचा एवढा मोठा तुमचा इंटरनेटवरचा मंच, आणि उत्तर काय? "दुसऱ्याचं मशीन घेऊन इथे यायचं नाही. ज्यानं जोडलं त्यालाच विचारा."

चूक माझीच. स्क्रीन रोज अपडेट मागत होती, मी एकदाची हो म्हटलं. असल्या मशीनवर ते बटण दाबायचं नसतं, हे मला काय ठाऊक? तेव्हापासून सुरू होताना पट्टी अर्ध्यावर येऊन अडते. आत आमच्या ह्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंग आहेत, वाचा जायच्या आधीची. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना तीच हवी आहेत.

तर विचारलं, साहेब. मशीन ह्यांनीच जोडलंय. मेंदूचा झटका आल्यापासून तोंडात एकच शब्द उरलाय.

मी खुर्ची ओढून ह्यांना समोर बसवलं. "अहो, कुठं अडलंय?"

ह्यांनी डाव्या हातानं दोन बटणं दाबून धरली. पट्टीच्या जागी इंग्रजी ओळी धावल्या आणि थांबल्या. शेवटच्या ओळीवर ह्यांनी बोट ठेवलं.

"कंगवा."

"इथं अडलंय? मग काय करू?"

"कंगवा!" माझ्या मठ्ठपणावर नेहमी चिडायचे तसेच चिडले. "कंगवा, कंगवा!"

त्या ओळीचा फोटो सोबत जोडला आहे. पुढचं ह्यांना येतं, पण सांगता येत नाही. तुम्हाला सांगता येतं. सांगा, काय करायचं?