सुतळीच्या गाठी

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात चाकूरच्या एका गल्लीत घरोघर ताप आला. डासांवर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई पुण्याहून आल्या. पाणी साठवायच्या टिपाडात बॅटरी मारायची, अळ्या दिसल्या की बाटलीत भरायच्या. पुढं त्यांचे डास झाले की त्यांच्यात तापाचा विषाणू सापडतो का, ते बघायचं. अळ्यांचं टिपाड मात्र त्यांच्याबरोबरचा शिपाई तिथंच आडवं करी.

"टँकर काय रोज येतोय व्हय, बाई?" मल्लम्मा टिपाडाला मिठी मारून ओरडली. तरी ते ओतलंच.

पुढचं दार तिच्या थोरल्या जावेचं, गुरम्माचं. घरात पाणी काय ते तेवढंच, म्हणून गुरम्माला घाम फुटला. टिपाडाच्या तोंडावर लुगड्याचं दुहेरी फडकं, वर सुतळीच्या करकचून गाठी. त्या सोडवता सोडवता शिपायाची नखं दुखली. बाईंनी आत बॅटरी मारली.

"एकही अळी नाही! डास शिरणार कुठून? राहू द्या हे पाणी." बाई खूश झाल्या. "असं बांधायला कुणी शिकवलं, आजी?"

गुरम्माच्या जिवात जीव आला. तिनं मल्लम्माकडं बोट केलं. "ह्या आमच्या जावंनंच की."

बाईंनी मल्लम्माची पाठ थोपटली. मल्लम्माची मान काही वर होईना.

बाई पुढच्या दारी गेल्यावर, फडकं पुन्हा बांधायच्या आधी गुरम्मा म्हणाली, "आण घागर, मल्ले. आज मी घरात असताना ने."