दोन झटके, मग एक
बाबा गेले आणि वर्षभरात त्यांची मासेमारीची बोट धक्क्यापाशीच बुडाली. आता ती आठ मीटर खाली आहे. दर मे महिन्यात पाठीला हवेची टाकी, कमरेला दोरी बांधून मी तिला भेटायला उतरते. वर होडीत टोरुनताई दोरी सांभाळते.

लहानपणी आम्ही शिंपल्यांसाठी बुड्या मारायचो, तेव्हा दोरी बाबा धरायचे. दोन झटके, जरा थांबून एक, म्हणजे 'कॉफी झाली, या.' त्या गारठ्यात याहून गोड निरोप नव्हता.

आज केबिनमध्ये त्यांची किटली अजून खिळ्यालाच होती. मी तिला हात लावला आणि कमरेला झटके बसले. दोन. मग एक. ताईच्या लक्षात आहे तर. मी हसतच वर आले.

ताई थर्मासमधून कॉफी ओतत होती. "इतक्यात? गारठलात वाटतं, बाईसाहेब."

"तूच तर बोलावलंस."

"मी कशाला? दोरी केव्हाची होडीच्या कडीला बांधलीय."

मी होडीत चढून कमरेची दोरी सोडली. दोन्ही टोकं आता आमच्यापाशी होती, मधला भाग तेवढा पाण्यात.

दोरी खालून ओढली गेली. दोनदा.

"कॉफी तर इथंय," ताई पुटपुटली.

मग, जरा थांबून, एकदा.