गोंदलेला नंबर

बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांविरुद्ध मी पोस्टर केलं, ते जाहिरातींच्या एका स्पर्धेतल्या बक्षिसासाठीच. जाहिरात एकदा तरी लोकांसमोर लागलेली हवी, एवढाच स्पर्धेचा नियम होता. मी गावी येणारच होतो, म्हणून हुमनाबादच्या बसस्टँडवर ते एक दिवस लावलं, फोटो काढले आणि संध्याकाळी गुंडाळून बंगळूरला परत नेलं. "मदतीसाठी फोन करा" याच्याखाली कुठला तरी नंबर हवा होता, तो मी मनानेच टाकला. पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं.

सहा महिन्यांनी पेढे घेऊन घरी आलो. आईकडे भांडी घासणाऱ्या मंगलला पेढा दिला, तर तिनं तो ओट्यावर ठेवला आणि दंडावरचा पदर बाजूला केला. हिरव्या गोंदणात दहा आकडे होते.

"अण्णा, बसस्टँडवर मार खाल्लेल्या बाईचं पोस्टर लागलं हुतं. नंबरचा कागूद घरात सापडला तर नवरा जीव घेईल, म्हणून बाजारातल्या गोंदणारीकडनं गोंदूनच घेतला. त्याला सांगितलं, भावाचा नंबर हाय. किती डाव लावला, लागंनाच. तुमच्या फोनवरनं बघता का?"

मी एकही बटण दाबलं नाही. फोन नुसता कानाला धरला आणि म्हणालो, "लाइन बिझी आहे."

मंगलनं पदर सारखा केला, पेढा उचलून तोंडात टाकला.



"बिझी हाय? म्हंजे हाय की तिथं कुणीतरी!"